सूर्याचा लेट मार्क

सूर्याला लेट मार्क देणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिलाय. रीतसर, मस्टरात, लाल पेनानं, शेजारी सही ठोकून. आणि तो माणूस वेडा नव्हता. वेडा असता तर बरं झालं असतं, मी त्याला कधीच माफ करून मोकळी झाले असते.

आम्ही त्यांना तोंडावर आप्पा म्हणायचो आणि पाठीमागं भोंगा. शिरूरहून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला बाटल्यांची बुचं बनवणारी एक कंपनी होती, तिथले ते टाइमकीपर. फाटकाशेजारच्या खोलीत बसायचं, कोण किती वाजता आलं ते लिहायचं आणि सव्वाआठला फाटक लावायचं, एवढंच काम. पण सव्वाआठला फाटक लागलं नाही तर घोड नदी उलटी वाहायला लागेल, असा चेहरा करून ते बसलेले असायचे. मूळचे खुटबावचे. उंच, वाळके, खाकी कपड्यांना कडक इस्त्री. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळं पेन बाहेर आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

खुटबावात त्यांच्या लग्नाची गोष्ट अजून सांगतात. मुहूर्त बारा पस्तीसचा होता. भटजींनी मंगलाष्टकं जरा लांबवली, त्यात नवरीच्या एका मामांना स्वतः रचलेलं कडवं म्हणायची हौस आली. नवरदेव तेव्हा कंपनीत लागलेला होता; त्यानं मनगटावर बघितलं, बारा पस्तीस झाले होते, आणि त्यानं अंतरपाट आपल्या हातानं खाली ओढून नवरीच्या गळ्यात हार घातला. मामा अजून दुसऱ्या ओळीवरच होते. वऱ्हाडानं घाईघाईनं अक्षता फेकल्या, त्या निम्म्या मामांच्या पागोट्यात गेल्या. बायको बिचारी दहा-बारा वर्षांत वारली, मूलबाळ नाही. "ती कधी लेट आली न्हाई," एवढंच आप्पा तिच्याबद्दल बोलायचे. त्यांच्या तोंडून ते फार मोठं कौतुक होतं.

मी त्या कंपनीत पॅकिंगला होते, टेंपररी. पक्क्या कामगाराला नंबर असायचा आणि आप्पा त्याला नंबरानंच हाक मारायचे. एकशे सात, चप्पल वाजवू नका. त्र्याऐंशी, टोपी सरळ करा. टेंपररीला नंबर नसायचा, त्यामुळं आम्ही सगळ्या बायका मिळून एकच, "ओ टेंपररी". हाक एकीला आणि माना वळायच्या सगळ्यांच्या. आमची हजेरीसुद्धा सुट्या कागदावर. मस्टर म्हणजे ते लाल कापडी बांधणीचं जाडजूड बुक, त्यात सही करायची ती पक्क्यांनी. एकदा टेबल पुसताना मी ते नुसतं सरकवलं, तर आप्पा ओरडले, टेंपररीनं मस्टरला हात लावायचा न्हाई. मी म्हटलं, मग सोवळ्यात ठेवा की, वर तुळशीपत्र वाहते. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आता मुख्य गोष्ट सांगते, म्हणजे मी या माणसावर एवढी का जळत होते ते कळेल. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराला पक्कं करावं लागतं, असं युनियनवाले सांगायचे. म्हणून कंपनी काय करायची, दोनशेच्या पुढं गाडी गेली की टेंपररीला ब्रेक द्यायची. महिनाभर घरी बसा, मग या आणि पुन्हा एकपासून मोजा. एका वर्षी कुठलीशी मोठी ऑर्डर आली आणि त्या गडबडीत ब्रेक द्यायचं ऑफिस विसरलं. आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. मी घरी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढत होते. दोनशे एकोणचाळीस रेघा झाल्या. आणखी एक ओढली की मला नंबर मिळणार होता, मस्टरात माझी सही होणार होती. नवऱ्याला मी सांगितलं नव्हतं, कारण त्याला सांगितलेलं सगळं चावडीवर जातं.

डिसेंबरातला दिवस. न्हावऱ्याजवळ उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली. एस.टी. थांबली ती थांबलीच. मी खाली उतरले, साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि पळत सुटले. दोन मैल पळाले असेन. कंपनीच्या फाटकासमोर पानटपरी आहे, तिच्यातल्या घड्याळात आठ वाजून बारा मिनिटं झालेली मी बघितली आणि जीव भांड्यात पडला. दहा पावलं पुढं गेले. कंपनीच्या भिंतीवरच्या घड्याळात आठ अठरा, आणि फाटक बंद.

मी गजांना धरून म्हटलं, आप्पा, टपरीत आठ बाराच झालेत.

"टपरीत कामाला हाय का तुम्ही?" आप्पा म्हणाले.

कंपनीचं घड्याळ सहा मिनिटं पुढं आहे हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं, पळण्याच्या नादात मीच विसरले होते. जुन्या कुठल्या मॅनेजरनं माणसं लवकर यावीत म्हणून ते पुढं केलं आणि तसाच बदली होऊन गेला. फक्त आप्पांना ते मान्य नव्हतं. ते रोज सकाळी भिंतीवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचे आणि संध्याकाळी मनगटावरचं भिंतीवरच्याशी. दोन्ही कायम जुळायची, त्यामुळं त्यांना कधी शंकाच आली नाही. मी त्या दिवशी हात जोडले. रडले. त्यांनी लाल पेन काढलं, माझ्या सुट्या कागदावर गैरहजेरी मांडली आणि मान खाली घालून पुढचं पान आखायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाग आली आणि सगळ्या टेंपररींना ब्रेक मिळाला. माझ्या बरोबरीच्या तिघींचे दोनशे चाळीस भरले होते, त्या भांडून पक्क्या झाल्या. माझे दोनशे एकोणचाळीस. पुढं कंपनी बंद पडेपर्यंत मी टेंपररी ती टेंपररीच राहिले. त्या रेघा मी पुसल्या नाहीत, दिवाळीला सारवताना तेवढी भिंत सोडायची. नवरा विचारायचा, ही काय नक्षी. मी म्हणायची, माझी कुंडली.

कंपनी बंद झाली तेव्हा माणसं सणसवाडीकडं गेली, जागा भाड्यानं घेऊन राहिली, दुसऱ्या कंपन्यांत चिकटली. मशिनं उचलून नेली. वीज तोडली. आप्पा मात्र गेले नाहीत. मालकांनी त्यांना राखणीला ठेवलं. राखायला होतं काय, तर पत्र्याची एक भली मोठी रिकामी शेड आणि भिंतीवरचं ते घड्याळ, जे सेलवर चालत होतं. आप्पा रोज आठला फाटक उघडायचे आणि सव्वाआठला लावायचे. येणारं कुणी नव्हतं. कंपनीचा भोंगा विजेअभावी बंद पडला म्हणून त्यांनी फाटकाला रुळाचा तुकडा टांगला आणि आठ, साडेबारा, पाच अशा तीन वेळा तो बडवायला लागले. कंपनीशेजारच्या वस्तीवरची माणसं त्यावर म्हशी सोडायची. ती अख्खी वस्ती जगाच्या सहा मिनिटं पुढं होती.

मी तोवर डबे सुरू केले होते, गोडाऊनवर काम करणाऱ्या पोरांसाठी. आप्पांनी निरोप पाठवला, डबा पाहिजे, वेळ साडेबारा. मला आधी वाटलं, उपाशी मरू दे. मग वाटलं, नको, डबा द्यायचाच. मी मोबाईलवर बरोबर साडेबारा बघून त्यांच्या टेबलावर डबा ठेवायची. त्यांच्या घड्याळात बारा छत्तीस झालेले असायचे. डबा लेट, म्हणून ते लिहून ठेवायचे. वर्षानुवर्षं हेच. मेथीची भाजी केली तरी लेट, पुरणपोळी नेली तरी लेट. एकदा मी विचारलं, आप्पा, तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापायचात ना, मग माझा डबा कापा की. ते म्हणाले, डबा टेंपररी हाय. आता या माणसाला काय करायचं?

सूर्याचं प्रकरण सुरू झालं ते माझ्या डोळ्यांदेखत. शेडच्या पत्र्याला गंजून एक भोक पडलं होतं आणि त्यातून दुपारी कोब्यावर एक कवडसा पडायचा. तो सरकत सरकत कोब्याच्या जोडाची एक लांब रेघ ओलांडायचा. आप्पांनी पहिल्या दिवशी वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी लिहिली. आठवडाभरानं त्यांच्या कपाळाला आठी. "यो रोज येगळ्या टायमाला येतुय," ते म्हणाले. मला वाटलं, कुणी चोर म्हणतायत. ते सूर्याबद्दल बोलत होते.

त्यांनी नवं मस्टर उघडलं. कामगाराचं नाव, सूर्य. खातं, छप्पर. ड्यूटीची वेळ, साडेबारा. रोज कवडसा रेघेला टेकला की ते घड्याळ बघायचे आणि मिनिटासकट मांडायचे. फेब्रुवारीत तर लेट मार्कांची लाल रांगच लागली. दिवाळीच्या सुमारास तो जरा लवकर यायला लागला, तेव्हा आप्पा खूश होऊन म्हणाले, सुधारतुय. पावसाळ्यात मात्र ओळीनं गैरहजर, अर्ज नाही. मी म्हटलं, आप्पा, नोटीस द्या, कामावरून काढा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू खरंच विचार करत होते.

मग त्यांना छंदच लागला. एका जानेवारीत शिडी लावून ते छपरावर चढले, सत्तरीचा माणूस, आणि बुचाचा जुना पंच नि हातोडा घेऊन पत्र्याला भोकं पाडायला लागले. जिथं जिथं मशिन होतं आणि माणूस उभा राहायचा, ती एकेक जागा त्यांनी खडूनं आखली होती. साडेबाराचा ठोका वाजला की त्या प्रत्येक जागेवर एक कवडसा पडला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. एकशे सातच्या जागेवर एक. त्र्याऐंशीच्या जागेवर एक. मी डबा घेऊन गेले आणि दारातच थांबले. अंधाऱ्या शेडमध्ये बुचाएवढी गोल गोल उन्हं रांगेनं पडली होती, जशी आम्ही सगळी पाळी भरून उभी असायचो तशी. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होतं. मग मी पॅकिंगच्या टेबलाची जागा बघितली. तिथं अंधार होता. टेंपररीला भोक नव्हतं.

मी डबा आपटला आणि निघून आले.

पुण्याच्या बाई आल्या त्या कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ बघून. केस आखूड, खांद्याला झोळी, चेहरा भला. त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं आणि तोंडावर हात ठेवला. मग आप्पांना समजावून सांगितलं, की बंद पडलेल्या उद्योगाच्या जागेवर, विजेशिवाय, निसर्गाच्या उजेडातून तुम्ही पर्यावरणीय प्रकाशकला उभी केली आहे, आणि यामागची तुमची संकल्पना आम्हाला ऐकायची आहे. आप्पा म्हणाले, संकल्पना न्हाई, मस्टर हाय. बाईंनी ते वाक्यसुद्धा वहीत लिहून घेतलं.

मालकांची परवानगी मिळाली आणि पुढल्या जानेवारीत कार्यक्रम ठरला. बाईंनी फाटकावर मोठा फलक लावला. आप्पांनी त्याच्याखाली खडूनं लिहिलं, वेळ साडेबारा, पावणेएकला फाटक बंद. जेवण माझ्याकडं होतं, पिठलं-भाकरी आणि ठेचा, कारण पुण्याच्या माणसांना गावात आलं की पिठलंच लागतं. उद्घाटनाला आमच्याकडचे एक पुढारी येणार होते. शेडमध्ये बरीच माणसं जमली. साडेबाराचा ठोका पडला आणि कवडसे आपापल्या जागेवर आले. पुढारी मात्र आले नाहीत. पावणेएक झाले. आप्पा उठले, सावकाश चालत गेले आणि फाटक लावलं.

एका मिनिटानं गाड्यांचा ताफा येऊन थांबला. रस्त्यात उसाची ट्रॉली आडवी होती म्हणे. मी भाकऱ्यांची टोपली तिथंच ठेवली आणि पुढं जाऊन उभी राहिले. हे मला बघायचंच होतं.

पुढारी हसत होते, त्यांना वाटलं चेष्टा आहे. त्यांच्या माणसानं गजांतून मोबाईल आत धरला, आप्पा, बारा चाळीसच झालेत, तुमचं घड्याळ पुढं हाय. मग दुसऱ्यानं धरला, तिसऱ्यानं धरला, आतल्या पाहुण्यांनीही काढले. वीसेक मोबाईल आणि सगळ्यांवर एकच वेळ. आप्पा म्हणाले, तुमचा सगळ्यांचा टॉवर एकच हाय, मग टाईम एकच दाखवणार. शेवटी पुढाऱ्यांनी फाटकाच्या बाहेर फीत बांधून घेतली, ती कापली, टाळ्याही तिथंच झाल्या, आणि ते टपरीवर पान खाऊन निघून गेले. पुण्याच्या बाई रडवेल्या झाल्या होत्या. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा आप्पांना मनातल्या मनात शाबास म्हटलं, आणि लगेच माझाच मला राग आला. म्हणजे पुढाऱ्यालाही तेच आणि मलाही तेच. माझ्यावर त्यांचा काही डूख नव्हता. मग मी एवढी वर्षं कुणावर जळत होते?

पाहुण्यांत शिरूरच्या शाळेतून रिटायर झालेले भूगोलाचे सर होते. ते भांडणात पडले नाहीत. टाइम ऑफिसात बसून सूर्याचं मस्टर चाळत होते. त्यांनी आप्पांना बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, की सूर्य वर्षभरात कधी पाव तास मागं-पुढं होतो, तो त्याचा स्वभावच आहे, पण वर्षाची सरासरी काढली तर आपल्या शिरूरात तो बारा बत्तीसला बरोबर डोक्यावर असतो. कोब्याची ती रेघ उत्तर-दक्षिण आहे, हे मी होकायंत्र लावून बघितलंय, म्हणजे सूर्य डोक्यावर आला की कवडसा तिला टेकणारच. तुमच्या मस्टराची सरासरी निघतीये बारा अडतीस.

आप्पा म्हणाले, म्हंजी रोज सहा मिनिटं लेट.

सर म्हणाले, "आप्पा, तो नाही लेट. घड्याळ पुढं आहे."

वीस मोबाईल मानले नाहीत त्या माणसानं. पण हे मस्टर त्याच्या स्वतःच्या अक्षरातलं होतं. आप्पांनी पानं उलटली, बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा उलटली. मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हंजी सूर्य टायमावर व्हता." जेवायला उठले नाहीत. मी इतकी वर्षं या घटकेची वाट बघत होते, वाटलं होतं नाचेन. नाचायचं सोडा, मला त्यांच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी डबा नेला तेव्हा त्यांनी लेट लिहिला नाही. डबा उघडलाही नाही. खाली बघत त्यांनी विचारलं, त्या दिवशी टपरीत किती वाजले व्हते?

कुठला दिवस, असं मी विचारलं नाही. "आठ बारा," मी म्हटलं. आणि मग जे तुंबलं होतं ते सगळं बाहेर आलं. भिंतीवरच्या रेघा सांगितल्या. हातातल्या चपला सांगितल्या. तुमच्या त्या सहा मिनिटांनी मी जन्मभर 'ओ टेंपररी' राहिले, असं म्हटलं. तुमच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा चुकलाय, सहा मिनिटं आधी हार घातलात, हेही म्हटलं. ते एवढ्यावर मात्र चमकले. त्यांनी माफी मागितली नाही. नियम कंपनीचा व्हता, एवढं पुटपुटले, आणि मी डबा तसाच उचलून घरी आणला.

घड्याळाचे काटे त्यांनी मागं केले नाहीत. ती कंपनीची वस्तू, तिला हात कसा लावणार? त्याच्याखाली एक पुठ्ठा लावला, हे घड्याळ सहा मिनिटं पुढे आहे, सही टाइमकीपर. मनगटावरचं तेवढं बरोबर करून घेतलं. मग पत्र्याच्या ट्रंकेतून जुनी मस्टरं आणि सुट्या कागदांच्या फायली काढल्या. आठ सोळा ते आठ एकवीस या मिनिटांत कुणाकुणाला परत पाठवलं, ती नावं ते वेगळ्या कागदावर उतरवत बसले. आणि सकाळचा हातोडा सुरू झाला, या वेळी छपरावर नाही, पूर्वेच्या भिंतीवर, दर नावाला एक भोक. पुण्याच्या बाई पुन्हा आल्या होत्या तेव्हा त्यांना ती भोकं तारकांसारखी वाटली. आप्पा म्हणाले, "तारे न्हाईत बाई, माझ्या चुका हायत."

डिसेंबर आला. टपरीवाल्याकडून निरोप आला, अमुक तारखेला डबा नको, तुम्ही सकाळी आठ बाराच्या आत या. ती तारीख मला कुणी सांगायची गरज नव्हती. मनात आलं, मुद्दाम उशिरा जावं, आठ अठराला जाऊन गजांबाहेर उभं राहावं आणि म्हणावं, घ्या. रात्रभर असंच घोळवलं. पहाटेच उठले आणि आठला पाच कमी असतानाच फाटकात हजर झाले, चपला पायात.

आप्पांनी मस्टरचं टेबल ओढून शेडच्या मधोमध आणलं होतं. टेबलावर माझाच आदल्या दिवशीचा रिकामा डबा, आणि त्याला टेकवून ते लाल बांधणीचं मस्टर उभं उघडून ठेवलेलं, त्या वर्षीचं, त्या महिन्याचं. पूर्वेच्या भिंतीच्या पत्र्याला उंचावर एक नवं भोक होतं. आदल्या दिवशी बरोबर आठ बाराला त्यांनी ते पाडलं होतं, एका दिवसात ऊन काही फारसं सरकत नाही. पक्क्या कामगारांची नावं संपतात तिथं, सगळ्यात खालच्या ओळीत, निळ्या शाईनं माझं नाव लिहिलेलं होतं. शाई ताजी होती.

कवडसा आधी डब्याच्या कडेवर आला, मग मस्टराच्या पुठ्ठ्यावर, मग सरकत सरकत पानावर. आप्पा मनगटाकडं बघत होते. तो माझ्या ओळीवर येऊन थांबला, थांबला म्हणजे आपल्याला तसं वाटतं, आणि आप्पांनी मला निळं पेन दिलं.

"दोनशे अकरा," ते म्हणाले, "सही करा."

मी मागं वळून बघितलं, कुणाला हाक मारतायत म्हणून. मागं कुणी नव्हतं. मग मी सही केली, शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलं. आप्पांनी शेवटच्या रकान्यात दोनशे चाळीस लिहिलं आणि म्हणाले, आजपासून तुम्ही पर्मनंट. मशिनं नाहीत, वीज नाही, मालक पुण्याला, आणि मी पर्मनंट. मी हसायला लागले आणि हसता हसता ढसाढसा रडले, लाज न बाळगता. आप्पा दुसरीकडं बघत उभे राहिले. ऊन ओळीवरून उतरून गेल्यावर त्यांनी मस्टर मिटलं, सव्वाआठ झाले म्हणून फाटक लावायला गेले, आणि तिथूनच म्हणाले, पर्मनंट माणसानं डबा टायमावर आणायचा. मी म्हटलं, तो रोजच टायमावर येत होता. व्हय, म्हणाले. घरी येऊन मी कोळशानं दोनशे चाळिसावी रेघ ओढली.

यंदा एप्रिलात एक दिवस मी डबा घेऊन गेले, मोबाईलवर बरोबर साडेबारा. मेथी होती. फाटक लावलेलं. मी गजांना धरून हाक मारली, आप्पा, अहो आप्पा, टायमावर आलेय मी. टपरीवाला मागून आला आणि म्हणाला, सकाळी खुर्चीतच गेले, पुतण्या आत्ताच खुटबावला घेऊन गेला.

फाटकाला नुसती कडी होती. मी ती काढून आत गेले. सूर्याचं मस्टर टेबलावर उघडं होतं, त्या दिवसाची ओळ आखलेली आणि रिकामी. दोन्ही पेनं वरच ठेवलेली. मी डबा खाली ठेवला आणि शेडमध्ये जाऊन त्या रेघेपाशी उभी राहिले. बारा बत्तीसला कवडसा आला आणि रेघेला टेकला.

मग मी परत येऊन मस्टर जवळ ओढलं. लाल पेन तसंच राहू दिलं. निळ्यानं लिहिलं, सूर्य, हजर, वेळेवर. खाली माझी सही केली आणि सहीपुढं नंबर घातला, दोनशे अकरा.